उंच हॉस्पिटल बिल्डिंगचं काम बघताना सारखे पडणारे प्रश्न

हॉस्पिटलचा टॉवर उभा राहायला लागला की येणारा-जाणारा प्रत्येकजण मजले मोजतो. मोजा, काही हरकत नाही, पण त्यावरून हॉस्पिटल कधी सुरू होणार ते कळत नाही. स्लॅब हा त्यातला सोपा भाग असतो, खरं हॉस्पिटल स्लॅब आणि फॉल्स सीलिंगच्या मधल्या जागेत बनतं आणि ते रस्त्यावरून दिसत नाही. लोकांचे बरेचसे प्रश्न इथूनच येतात.

पत्रे लागून कितीतरी महिने झाले, आत नुसता खड्डा आहे. काम बंद पडलंय का?

बहुतेक नाही. आधी कडेने डायाफ्राम वॉल (जमिनीत खोल उतरवलेली काँक्रीटची भिंत) किंवा पाइल (जमिनीत खोल घातलेले खांब) टाकतात म्हणजे खोदताना शेजारचा रस्ता आत येऊ नये, मग खोदाई, पाणी उपसणं, पाइलवर वजन ठेवून टेस्ट, या सगळ्यात महिने जातात आणि वर एक वीट दिसत नाही. हॉस्पिटलला बेसमेंटमध्ये गोष्टीही जास्त लागतात, पाण्याच्या टाक्या, लाँड्री, शवागार, स्टोअर, रेडिएशनचे बंकर. खड्ड्यात पाणी साचलंय, पंपाचा आवाज नाही, गेटवर मिक्सर गाडी फिरकत नाही असं आठवडेच्या आठवडे दिसलं तर मग शंका घ्या. सळईवर हलका गंज आला म्हणून लगेच बोंब मारू नका, तेवढा चालतो, पापुद्रे सुटायला लागले की मात्र वाईट.

त्या दिवशी रात्रभर काँक्रीटचा पंप चालू होता, झोपमोड झाली. दिवसा करता येत नाही का?

तो तळाचा राफ्ट असणार, म्हणजे बिल्डिंगखालचा काँक्रीटचा जाड सलग पाया. उंच टॉवरखालचा राफ्ट दोन-तीन मीटर जाड असू शकतो, आणि मध्ये थांबलं तर आधीचं काँक्रीट सेट होऊन जोड पडतो, म्हणून एकदा सुरू केलं की संपेपर्यंत थांबत नाहीत. दुसरं कारण उष्णता. सिमेंट सेट होताना गरम होतं आणि एवढ्या जाड काँक्रीटचा गाभा साधारण ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, शिवाय गाभा आणि वरचा भाग यात २० अंशांच्या आसपासच फरक ठेवायचा असतो, नाहीतर तडे जातात. म्हणून रात्री ओततात, काही पाण्याऐवजी बर्फ टाकतात, आत तापमान मोजायला सेन्सर सोडतात. गंमत म्हणजे ओतून झाल्यावर त्यावर पांघरूण घालतात, भर उन्हाळ्यातसुद्धा, कारण वरचा भाग आतल्यापेक्षा लवकर थंड झाला तरी तडे जातात.

क्रेन स्वतःच उंच होत जाते, ते कसं काय?

दोन प्रकार आहेत. बाहेर उभी असेल तर वरच्या बाजूला एक पिंजरा असतो, तो हायड्रॉलिक जॅकने क्रेनचं वरचं सगळं उचलून धरतो आणि मधल्या मोकळ्या जागेत खांबाचा नवा तुकडा सरकवतात. आत लिफ्टच्या शाफ्टमध्ये असेल तर अख्खी क्रेनच चढत जाते, खांब तेवढाच राहतो. ही आतली क्रेन शेवटी काढणं म्हणजे डोक्याला ताप, कारण ती तशीच खाली उतरवायला जागाच उरलेली नसते, मग गच्चीवर छोटी क्रेन बसवून मोठी सुटी करायची, मग त्याहून छोटी बसवून ती काढायची, आणि शेवटची सुटी करून लिफ्टमधून खाली.

रात्री कोणी नसताना क्रेन गरगर फिरते. धोका नाही का?

उलट, फिरली नाही तर धोका. काम संपल्यावर ऑपरेटर मुद्दाम ब्रेक सोडून जातो म्हणजे वारा येईल तसा आडवा हात वळत राहतो आणि वाऱ्याचा पूर्ण जोर खांबावर येत नाही. वादळात वारा फिरला तरी न वळणारी क्रेन दिसली तर ती काळजीची गोष्ट.

शेजारचा फ्लॅटचा टॉवर भराभर वर गेला आणि हॉस्पिटल रखडत चाललंय, असं का?

कारण दोन्ही वेगळी कामं आहेत. फ्लॅटमध्ये तोच मजला पुन्हा पुन्हा येतो, साचा उचलायचा आणि वर लावायचा. हॉस्पिटलमध्ये खाली इमर्जन्सी, त्यावर एक्स-रे-सीटी, त्यावर ऑपरेशन थिएटर, त्यावर आयसीयू आणि त्यानंतर कुठे वॉर्ड सुरू होतात, म्हणजे खालचा प्रत्येक मजला नवा. वॉर्डचे मजले आले की वेग वाढतो, बघा लक्ष ठेवून. उंचीतही फरक आहे, फ्लॅटचा मजला तीन मीटरच्या आसपास आणि हॉस्पिटलचा चार-साडेचार, थिएटरचा त्याहून जास्त. म्हणून हॉस्पिटलचे वीस मजले हे फ्लॅटच्या तीसच्या उंचीला जाऊन भिडतात, नुसते मजले मोजून तुलना करू नका.

वरची ती जास्तीची जागा माणसांसाठी नाही हो, ती एसीचे डक्ट, ऑक्सिजनच्या नळ्या, स्प्रिंकलर, केबल ट्रे, ड्रेनेज यांच्यासाठी. प्लास्टर आणि सीलिंग व्हायच्या आधी अशा मजल्यावर वर मान करून बघितलं तर स्लॅब दिसतच नाही, नुसते पत्र्याचे चौकोनी डक्ट, त्याखाली तांब्याच्या नळ्या, त्याखाली लाल पाइप. कोण कोणाच्या वरून जाणार यावर साइटवर रोज भांडणं होतात, डक्टवाला आधी घुसला की प्लंबर अडतो.

मधला एक मजला वेगळा दिसतोय, खिडक्या नाहीत, नुसत्या जाळ्या. तिथे काय येणार?

सर्व्हिस फ्लोअर. एअर हँडलिंग युनिट (एसीची हवा गाळून डक्टमध्ये सोडणारी मशीन), पंप, टाक्या, विजेचे पॅनल सगळं तिथे. बऱ्याचदा थिएटरच्या बरोबर वर ठेवतात म्हणजे डक्ट लांब न्यावे लागत नाहीत, आणि फिल्टर बदलायला मेकॅनिकला थिएटरमध्ये शिरायला नको. मला विचाराल तर ज्या टॉवरमध्ये असा मजला दिसतो त्याच्या डिझाइनरने पुढच्या तीस वर्षांचा विचार केलाय. पैसे वाचवायला सगळ्यात आधी यावरच कात्री चालते.

सगळीकडे काच लागली पण एका ठिकाणी मोठं भोक तसंच ठेवलंय. विसरले का?

विसरलेले नाहीत, बहुतेक एमआरआयची वाट बघतायत. त्याचं चुंबक काही टन वजनाचं आणि सुटं होत नाही, लिफ्टमध्ये मावायचा प्रश्नच नाही, म्हणून भिंतीतला तुकडा मोकळा ठेवून क्रेनने आत घेतात. पुढे मशीन बदलायची झाली तरी तिथूनच काढावी लागते, त्यामुळे तो पॅनल पुढेही उघडता येईल असाच करतात. ही खोली सगळ्या बाजूंनी धातूच्या, बऱ्याचदा तांब्याच्या, पत्र्याने मढवलेली असते, बाहेरचे रेडिओ सिग्नल आत येऊ नयेत म्हणून. आणि एक जाड पाइप थेट बाहेर मोकळ्या हवेत काढलेला असतो. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये चुंबक थंड ठेवायला हजार-दोन हजार लिटर द्रव हेलियम असतो, काही बिघडून तो उकळला तर एका लिटरचा सातशे लिटरच्या वर गॅस होतो, तो खोलीत कोंडला तर आतला माणूस गुदमरेल. हल्ली काही लिटर हेलियमवर चालणारी सीलबंद मशीनही आलीत, त्यांना हा पाइप लागत नाही.

उभी लांब पट्टी रिकामी असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे कामगार आणि सामान नेणारी बाहेरची होइस्ट असते, ती निघाल्यावर काच लागते. होइस्ट काढली म्हणजे आतल्या पर्मनंट लिफ्ट चालू झाल्या, आणि ही खूण स्लॅबपेक्षा कितीतरी जास्त भरवशाची.

तळघरात दोन मीटर जाडीच्या भिंती? बॉम्बशेल्टर आहे का?

नाही नाही, कॅन्सरच्या रेडिएशनची मशीन बसणार तिथे. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून दीड ते अडीच मीटर काँक्रीट, आत जायचा रस्ताही बऱ्याचदा वळणाचा. हे वजन वरच्या मजल्यावर ठेवणं परवडत नाही, म्हणून खाली.

बिल्डिंग पूर्ण झाली, लाइटसुद्धा लागतात, मग पेशंट का घेत नाहीत?

इथेच घोडं पेंड खातं. सगळ्यात जास्त शिव्याही याच काळात पडतात.

बाहेरून पूर्ण दिसणं आणि हॉस्पिटल म्हणून तयार असणं यात सहज वर्षभराचं अंतर पडू शकतं. थिएटरमध्ये तासाला साधारण २० वेळा तरी हवा बदलली पाहिजे, आत दाब जास्त लागतो म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेरच जाईल, आणि संसर्गजन्य पेशंटच्या खोलीत नेमकं उलटं, हवा आत खेचली गेली पाहिजे. हे प्रत्येक खोलीत मोजून बघायचं असतं आणि एका ठिकाणचा डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) हलवला की शेजारच्या खोलीचं गणित बिघडतं.

ऑक्सिजनच्या लाइनची टेस्ट तर अजून किचकट. तांब्याच्या नळ्या तेलाचा अंश नसलेल्या लागतात, जोडताना आतून नायट्रोजन सोडत राहतात म्हणजे काजळी धरत नाही, आणि शेवटी प्रत्येक बेडच्या प्रत्येक आउटलेटला मीटर लावून बघायचं की ऑक्सिजनच्या सॉकेटमधून खरंच ऑक्सिजनच येतोय ना. इथे दोन लाइन अदलाबदल झाल्या तर माणूस जातो, म्हणून एकेक सॉकेट. हजार सॉकेट असतील तर हजार.

घाई केली की काय होतं त्याची उदाहरणं आहेत. एडिंबराचं मुलांचं नवं हॉस्पिटल जुलै २०१९ मध्ये उघडणार होतं, शिफ्टिंगला काही दिवस राहिले असताना सरकारने थांबवलं, कारण क्रिटिकल केअरमध्ये तासाला १० वेळा हवा बदलायला हवी होती आणि सिस्टीम ४ वेळाच बदलत होती. पूर्ण सुरू व्हायला २०२१ उजाडलं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये प्यायच्या पाण्यात शिसं सापडलं, बिल्डिंग उभी असून रिकामी, पेशंट आले ते २०१८ मध्ये. दोन्हीकडे बाहेरून बघणाऱ्याला सगळं झकास तयार दिसत होतं. त्यामुळे उद्घाटनाची तारीख पुढे गेली की मी तरी आधी कारण बघतो, टेस्टमध्ये काही सापडलं म्हणून गेली असेल तर बरंच झालं म्हणायचं.

आत कोणी राहत नाही तरी नळ सोडून ठेवतात, पाणी वाया घालवतात!

ते मुद्दाम. पाणी पाइपात साचून राहिलं आणि कोमट झालं की लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, त्याने न्यूमोनिया होतो. म्हणून पाइप भरल्यापासून पेशंट येईपर्यंत एक माणूस वेळापत्रक घेऊन मजल्या-मजल्यावर नळ उघडत फिरतो. कंटाळवाणं काम आहे पण करावंच लागतं.

विसाव्या मजल्यावर आग लागली तर व्हेंटिलेटरवरचा पेशंट जिन्याने उतरवणार का?

नाही, आणि तसा प्लॅनच नसतो. प्रत्येक मजला आगरोधक भिंतींनी दोन किंवा जास्त भागांत तोडलेला असतो, एका भागात आग लागली की बेडसकट पेशंट त्याच मजल्यावर दुसऱ्या भागात ढकलत न्यायचा, मध्ये आगरोधक दार. तिथेही धोका वाटला तरच खाली. फायर लिफ्ट असते, तिला वेगळी वीज आणि धूर शिरू नये म्हणून दाबाची हवा.

हे सगळं कशावर अवलंबून तर भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक केबल आणि पाइपभोवतीचं भोक नीट बुजवलंय का यावर. सीलिंगच्या वर ही भोकं कोणाला दिसत नाहीत, आणि नंतर येणारा इंटरनेटवाला अजून एक पाडून जातो.

लाइट गेली तर?

यूपीएस लगेच उचलतो आणि अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे जीवरक्षक सर्किट १० सेकंदांच्या आत जनरेटरवर आलं पाहिजे. टेस्टच्या वेळी खरोखरच मेन स्विच पाडून बघतात, रात्री टॉवर एकदम काळोखा होऊन परत उजळलेला दिसला तर समजा टेस्ट चालू आहे.

जनरेटर कुठे ठेवलाय हे जरूर विचारा. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये शिरलं तेव्हा बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर १३ व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेल वर चढवणारे पंप बेसमेंटमध्ये, ते बुडाले. मग स्टाफने आणि सैनिकांनी रांग लावून जिन्यातून हाताने डिझेल वर पोचवलं, आणि शेवटी हॉस्पिटल रिकामं करावंच लागलं. म्हणजे मशीन वर ठेवून भागत नाही, त्याची नळी, पंप, पॅनल सगळंच पाण्याच्या वर हवं.

भूकंपात उंच हॉस्पिटल टिकतं का?

टिकवता येतं, पण नुसतं उभं राहून उपयोग नाही, त्याच दिवशी पेशंट घेता आले पाहिजेत. लॉस एंजेलिसजवळचं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल नवंकोरं असताना ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात मोडलं, त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७३ मध्ये हॉस्पिटलसाठी वेगळा कायदा झाला. परत बांधलं ते भक्कम, १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सांगाड्याला काही झालं नाही, पण स्प्रिंकलर आणि पाण्याचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणी पाणी झालं आणि पेशंट हलवावे लागले. म्हणून आता पाइपला तिरपे आधार देतात, टाक्या-कपाटं बोल्टने बांधतात. साइटचे फोटो बघताना लोक कॉलम केवढा जाड ते बघतात, मी तो पाइपचा तिरपा आधार शोधतो.

दुसरा उपाय म्हणजे बेस आयसोलेशन, रबर आणि शिशाच्या बेअरिंगवर अख्खी बिल्डिंग ठेवायची, जमीन हलली तरी वर धक्का कमी पोचतो. भूजचं हॉस्पिटल २००१ च्या भूकंपात कोसळलं, तिथे नवं बांधलं ते असंच.

चीनने १० दिवसांत हॉस्पिटल बांधलं की! इथे वर्षं का?

वुहानचं ते हॉस्पिटल २०२० मध्ये खरंच दहा-एक दिवसांत उभं राहिलं, हजार बेडचं. पण ते दोन मजली, कारखान्यात बनवलेल्या खोल्या आणून जोडलेल्या, एका साथीपुरतं. कौतुकाचंच काम, पण त्याची टॉवरशी तुलना करू नका. त्यातून घेण्यासारखी एक गोष्ट म्हणजे कारखान्यातली कामं. बाथरूम पूर्ण टाइल्स-नळासकट तयार करून ट्रकवर आणतात, क्रेनने मजल्यावर सरकवतात, यात टॉवरचे महिने वाचू शकतात.

इतकं उंच बांधायचंच कशाला? पसरट बांधा ना.

जागा असेल तर पसरट बरं, हे मलाही मान्य आहे. पण शहरात जागा नसते आणि जुनं हॉस्पिटल चालू ठेवून त्याच आवारात नवं बांधायचं असतं. उंचीचा एक फायदाही आहे, इमर्जन्सी, सीटी, थिएटर, आयसीयू एकावर एक ठेवले तर लिफ्टने मिनिटभरात पोचता येतं, लांबच लांब कॉरिडॉर ढकलत जावं लागत नाही. लंडनचा गाय्ज टॉवर ३४ मजल्यांचा, १९७४ पासून उभा आहे. पण सगळा भार लिफ्टवर येतो. पेशंटच्या, पाहुण्यांच्या आणि कचरा-जेवण-कपड्यांच्या लिफ्ट वेगळ्या नसतील तर स्ट्रेचर घेऊन ताटकळत उभं राहायची वेळ येते. प्लॅन बघायला मिळाला तर आधी लिफ्ट मोजा.

जुन्या हॉस्पिटलच्या खिडक्या का सील केल्या?

धुळीमुळे. खोदकामाच्या आणि तोडफोडीच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, तुमच्या-माझ्या फुप्फुसाला काही होत नाही, पण केमो चालू असलेल्या किंवा बोन मॅरो बदललेल्या पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून पाणी मारणं, पडदे, ट्रकची चाकं धुणं. कंपनांवरही लक्ष ठेवतात, शेजारी मेंदूचं ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली चालू असेल तर काँक्रीट फोडणारा ब्रेकर थांबवावा लागतो.

कॉन्ट्रॅक्टर बुडाला तर?

वाट लागते, दुसरं काय. लिव्हरपूलच्या नव्या रॉयल हॉस्पिटलचं काम चालू असताना कॅरिलियन कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, नंतर तपासलं तर सांगाड्यातच दोष निघाले, बांधलेले मजले उघडून मजबूत करावे लागले, आणि २०१७ ला उघडायचं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलं. अर्धवट काम नवा कॉन्ट्रॅक्टर जसंच्या तसं घेत नाही कारण आधीच्या माणसाने भिंतीआड काय केलंय त्याची जबाबदारी कोण घेणार.

गच्चीवर हेलिपॅड होणार म्हणे, खरं का?

गच्चीवर मोठा सपाट चौथरा, कडेने जाळी आणि आगीसाठी फोमची सोय दिसली तर खरं. रॉयल लंडन हॉस्पिटलच्या नव्या बिल्डिंगवर असं आहे. नुसता गोल रंगवला म्हणजे झालं असं नसतं, तिथून थेट इमर्जन्सीला उतरणारी लिफ्ट हवी, आणि हेलिकॉप्टरचा धूर एसीच्या हवा घेणाऱ्या जाळीत जाऊ नये हेही बघावं लागतं.

उद्घाटन झालं तरी पत्रे आणि कामगार तसेच आहेत. फसवलं का?

नाही. एकदम सगळं सहसा सुरू होत नाही, बऱ्याचदा आधी ओपीडी आणि मग एकेक विभाग, आणि शिफ्टिंगच्या काही दिवसांत तेच डिपार्टमेंट दोन्हीकडे चालवावं लागतं, म्हणजे स्टाफ दुप्पट. त्याआधी खोटे पेशंट बेडवर झोपवून इमर्जन्सी ते थिएटर अशी तालीमही करतात, आणि त्यात हमखास एखादं दार उलटं उघडणारं सापडतं. नंतरही कॉन्ट्रॅक्टरकडे किरकोळ दोषांची यादी असते, टाइल पोकळ वाजते, एसीतून पाणी गळतं, ती पूर्ण व्हायला ठरलेली मुदत बऱ्याचदा वर्षाची असते. जुनी बिल्डिंग पाडायची असेल तर ते काम त्यानंतर सुरू होतं, म्हणजे पत्रे अजून बराच काळ राहतील.